मिरची, सुपारी आणि उंदराची टाळू

बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या आसपास, सुपारी मागायला किमान चार शब्द चालतात. कन्नडमध्ये अडिके, तमिळमध्ये पाक्कु, उर्दूत छालिया आणि आपली सुपारी. इंग्रजीतला ‘अरेका’ म्हणजे मल्याळम ‘अडक्का’चा पोर्तुगिजांच्या तोंडातून गेलेला अवतार. मराठीने या फळावर अर्थांचा भारच टाकला आहे. लग्न ठरले की सुपारी फुटते, मूर्ती नसेल तिथे ती गणपती होऊन बसते, आणि मुंबईच्या गुन्हेगारीत तिची ‘सुपारी’ निघते, म्हणजे कुणाचा तरी जीव जातो. हा शेवटचा अर्थ वैद्यकाच्या इतिहासातही एका आडवळणाने येतो. ते वळण परळच्या एका प्रयोगशाळेतून, पांढऱ्या उंदरांच्या टाळूवरून जाते.

आजार असा. आधी तिखट सोसेनासे होते, तोंडात आग होते, क्वचित बारीक फोड येतात. मग गालाच्या आतले अस्तर फिकट, संगमरवरासारखे पांढरट पडते आणि बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागू लागतात. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. इथे दोन मावतात, नंतर एक. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला आणि त्याला लांबलचक लॅटिन नाव दिले. मराठीत आणायचे तर ‘तोंडाच्या अस्तराची, उष्ण कटिबंधातली, कारण न कळलेली झीज’. पुढच्याच वर्षी मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हटले. अस्तराखाली तंतू साठतात, एवढेच ते नाव सांगते. टिकले तेच. अनुवादक म्हणून मला जोशींची बाजू घ्यावीशी वाटते. लॅटिन नाव डॉक्टरला काय ठाऊक नाही ते सांगते, जोशींचे नाव डोळ्यांना काय दिसले ते. (या विषयावरचे बरेच लेख सुश्रुताच्या ‘विदारी’पासून सुरू होतात. दोन लक्षणे जुळली म्हणून दोन शब्द एक करायचे, हे अनुवादात चालत नाही. वैद्यकात का चालावे?)

वसंत रामजी खानोलकर तेव्हा मुंबईत विकृतिशास्त्राचे मोठे नाव होते. आधी टाटा मेमोरियल रुग्णालयात, मग १९५२ साली परळला उभ्या राहिलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये. त्यांच्यासोबत सत्यवती सिरसाट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करत होत्या. रुग्णांना तिखट झोंबते, तर तिखटानेच हे होत असेल काय? प्रश्न सरळ होता. ठरावीक आहारावर ठेवून आधी तयार केलेल्या विस्टर जातीच्या उंदरांच्या टाळूला त्यांनी मिरचीतला दाहक घटक, कॅप्सायसिन, लावला आणि ऊतींचे काप साध्या व इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. अस्तराखालच्या संयोजी ऊतीत थोडा बदल दिसला. निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा कायदा संसदेने केला तेही त्याच वर्षी.

हा थोडासा बदल पुढे पाठ्यपुस्तकांत पुष्कळ मोठा झाला. दंतवैद्यकाच्या पिढ्यान्‌पिढ्या ‘मिरची’ हे कारण पाठ करत आल्या. पण मेक्सिकोत मिरची आपल्याहून कमी खात नाहीत आणि तिथे हा आजार जवळजवळ नाही. शिवाय उंदराचे तोंड म्हणजे माणसाचे छोटे तोंड नव्हे. त्याचे अस्तर बहुतेक सगळीकडे शिंगासारख्या कठीण थराने झाकलेले असते. आपल्या गालाला तसे चिलखत नाही. आणि उंदीर जेवणानंतर तासभर गालात काही धरून बसत नाही. मिरची झोंबणे हे आजाराचे लक्षण होते. ते कारणाच्या जागी जाऊन बसले.

खानोलकर-सिरसाट यांच्यावर याचा दोष टाकणे मला अन्यायाचे वाटते. १९६२ साली त्यांनी त्याच जातीच्या उंदरांवर, त्याच पद्धतीने, सुपारीतले अल्कलॉइड अरेकोलीन लावून पाहिले होते. प्रश्न त्यांनी उघडाच ठेवला होता. तो मिटवला उद्धृत करणाऱ्यांनी.

१९६६ साली डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी आजाराची आजही वापरात असलेली व्याख्या दिली: आधी अस्तरालगत दाह, मग तंतूंची वाढ, वरचा थर पातळ. पिंडबोर्ग व सहकाऱ्यांनी बंगळुरात १०,००० लोकांची तोंडे तपासून केलेली पाहणीही त्याच वर्षी छापून आली. सुपारीवरचा आरोप मात्र १९८०च्या दशकात, माणसाच्या पेशी काचपात्रात वाढवल्यावर आणि रुग्णांच्या सवयी निरोगी माणसांशी ताडून पाहिल्यावर पक्का होत गेला. जखम भरताना शरीर कोलॅजन विणते आणि जादा झालेले उसवतेही. सुपारीतले अरेकोलीन विणकाम वाढवते, टॅनिन उसवू देत नाही, आणि तिच्यातले तांबे धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या विकराला बळ देते. भरून येणे थांबतच नाही. तेच रोग होते. पुढे सुपारीच्या अर्काने उंदरांतही अशी तंतुमयता उभी करता आली.

एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ६६ रुग्णांचा १७ वर्षे माग ठेवणारा अभ्यास १९८५ साली आला. त्यांतल्या पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कर्करोग झाला होता. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूशिवायच्या सुपारीलाही निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, कर्नाटकाने २०१३ साली. कर्नाटकाचा आदेश तंबाखू किंवा निकोटीन असलेल्या पदार्थांपुरता आहे. नुसत्या सुपारीची पुडी त्यात येत नाही.