पाच दिवसांचा आश्रय

१९३०च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालये मद्यपी रुग्णाला सहसा दाखल करून घेत नसत. तो आरडाओरडा करतो, बिल बुडवतो आणि बरा होऊन पुन्हा गुत्त्याची वाट धरतो, असा अनुभव होता. दारूचे व्यसन हा रोग की पाप, या प्रश्नाचा निकाल समाजाने परस्पर लावून टाकला होता.

ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात धर्मभगिनींचे सेंट थॉमस रुग्णालय होते. तेथे रुग्णांना दाखल करून घेण्याचे काम सिस्टर इग्नेशिया यांच्याकडे असे. १८८९ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या सिस्टर मूळच्या संगीतशिक्षिका. प्रकृती ढासळल्यामुळे संगीत सोडून त्यांना नोंदवहीपाशी बसावे लागले होते. माणूस खचतो म्हणजे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. त्याच रुग्णालयात येणारे शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट स्मिथ स्वतः मद्यपाशातून सुटलेले. ते कॅथॉलिक नव्हते. १९३५ साली बिल विल्सन यांच्यासह त्यांनी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या बंधुसंघाचा पाया घातला होता.

१६ ऑगस्ट १९३९ रोजी डॉक्टरांच्या विनंतीवरून सिस्टरांनी एका मद्यपीला दाखल करून घेतले. नोंदवहीत निदान लिहिले गेले : जठराचा तीव्र दाह. त्याला एकांत हवा होता, म्हणून त्याची खाट रुग्णांसाठी आलेली फुले ठेवण्याच्या खोलीत हलवण्यात आली. व्यसनाधीनांच्या निवासी उपचाराचे एक महत्त्वाचे पर्व अशा चोरपावलांनी सुरू झाले.

पुढे उपचाराची मुदत पाच दिवसांची ठरली. प्रथम शरीर सावरायचे. मग मद्यमुक्त झालेले बंधू खाटेशी बसून आपापली कहाणी सांगत. निरोप देताना सिस्टर येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला हाती ठेवीत. अट एकच : पुन्हा प्याला उचलावासा वाटला, तर आधी हा बिल्ला परत आणून द्यावा.

पाच दिवसांत व्यसन मुळापासून सुटत नाही, हे दोघेही जाणून होते. रुग्णालयाने केवळ उंबरठा ओलांडून द्यायचा. पुढची वाट बाहेरच्या बंधूंच्या सोबतीने चालायची. १९५०मध्ये डॉक्टर निवर्तले, तोवर सुमारे ५००० रुग्ण या दारातून गेले होते. १९५२ साली सिस्टरांनी क्लीव्हलँड येथे ‘रोझरी हॉल’ उघडला. आता खोट्या निदानाची गरज उरली नव्हती.

हाच बारा पायऱ्यांचा मार्ग आपल्याकडेही आला. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जोसेफ परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. मात्र उपचार घेऊन घरी परतलेल्या माणसाला लग्नाच्या मांडवात ‘एकच घोट’ म्हणून आग्रह करणारे आपणच असतो. उपचारकेंद्राची मुदत संपते, तेथे धर्मग्रामाची जबाबदारी सुरू होते. तो हात आखडून घेईल, तेव्हा त्याला चेष्टेचा विषय न करता शेजारी बसवून घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.