वैलावरचा कांदा

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो तेव्हा चातुर्मास संपलेला नसतो. कार्तिकी एकादशी अजून दहा-बारा दिवसांवर असते. आणि ज्या घरांतून आषाढातल्या कांदेनवमीला भजी-थालिपिठांची मेजवानी करून कांद्याला निरोप दिलेला असतो, त्या घरांत तो अद्याप परत आलेला नसतो. अशा दिवसांत कांद्यावर लिहायला बसणे म्हणजे थोडा व्रतभंगच. पण याच दिवसांत आमच्या नगरच्या बाजारात कांद्याच्या दोन पिढ्या एकमेकींना भेटतात. एक, चाळीत पावसाळा काढलेला जुना गावरान कांदा. दुसरा, नुकताच जमिनीतून निघालेला ओला लाल कांदा. माझी आजी त्यातून जुना वेचून घेई. ‘नवा नुसता रडतो, रंगत नाही,’ असे ती म्हणे.

आजीचे माहेर आणि सासर दोन्ही पारनेर तालुक्यातले. ती माळकरी होती. ऐन तारुण्यात पंढरपुरास जाऊन तिने तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून कांदा-लसूण तिच्या ताटात आला नाही. घरातले बाकी सगळे खाणारे. तरीही कालवणासाठी कांदा तांबडा-काळसर होईपर्यंत परतून त्याचे वाटण करण्याचे काम रोज तिच्याकडेच असे. ते कालवण तिने कधी चाखले नाही. मीठ-तिखट आईने पाहायचे, कांदा आजीने. आई किंवा काकू यांच्या हातचा कांदा तसा उतरत नसे, हे त्या दोघीही कबूल करीत. जिभेला न लावता तिला हे कसे समजते, हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही. पुढे इतिहासाची पुस्तके चाळू लागलो तेव्हा तो पडला, आणि त्याचा माग काढता काढता मी बराच लांब जाऊन पुन्हा आजीच्या चुलीपाशी आलो.

कांद्याचे आणि आपले नाते पहिल्यापासून दुहेरी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य म्हणून सांगितलेल्या पदार्थांत लसणाबरोबर पलांडू, म्हणजे कांदा, आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला फाहियान मध्यदेशातले लोक कांदा-लसूण खात नाहीत, फक्त चांडाळ खातात, असे नमूद करतो. सातव्या शतकातला ह्युएनत्संग तर हे पदार्थ खाणाऱ्याला गावाबाहेर घालवतात, असे लिहितो. आणि तरीही चरकसंहिता याच पलांडूला बल देणारा, वात हटविणारा, तोंडाला रुची आणणारा, मात्र पचायला जड, म्हणून नावाजते. धर्मशास्त्र ज्याला वेशीबाहेर काढीत होते, त्याला वैद्यक मागच्या दाराने घरात घेत होते. माझ्या आजीच्या घरातली विभागणी याहून फार निराळी नव्हती. फरक इतकाच, की आमच्याकडे वर्ज्य मानणारी आणि शिजवणारी व्यक्ती एकच होती.

आता नगरकडे वळू. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून फुटून स्वतंत्र राज्य उभारले आणि १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी नव्या शहराचा पाया घातला. २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामकरण झालेले शहर ते हेच. या अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला. लहानपणी बहमनी फौजेच्या हाती सापडून तो मुसलमान झाला, असे फेरिश्ता सांगतो. ज्या कुळात कांद्याला उंबरा ओलांडता आला नसता, त्याच कुळाच्या दरबारात पुढे इराणी पंडित, मुत्सद्दी आणि कारागीर यांची वर्दळ सुरू झाली. शाह ताहीर या इराणी विद्वानाच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. इराणी स्वयंपाकात तळून तांबूस केलेला कांदा हा पाया असतो. त्याला तिकडे ‘पियाज दाग’ म्हणतात. खरपूस भाजलेले या अर्थी फारसीत ‘बिरिश्ता’ हा शब्द आहे. पुलावावर पेरायच्या तळलेल्या कांद्याला आपल्याकडे ‘बरिस्ता’ म्हणतात, तो यातूनच आला. मराठीने मात्र पियाज घेतला नाही. संस्कृत कंदापासून आलेला आपला कांदा तिने सोडला नाही.

दरबारी इतिहास रणांगणे सांगतो, मुदपाकखाने सांगत नाही. हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीवर आफताबी या कवीने ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ रचली. तिचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातली चित्रे राजा-राणीची आणि १५६५ च्या तालीकोटच्या युद्धाची आहेत. चुलीपुढे बसलेल्या माणसाला चित्रकाराने जागा दिली नाही. म्हणून मुदपाकखान्याचा हिशेब पाहायचा तर निजामशाहीच्या शत्रूकडे जावे लागते. १५९५ च्या अखेरीस मोगल फौजा नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसल्या आणि चांदबिबीने तो वेढा झुंजविला. त्याच सुमारास तिकडे उत्तरेत अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’ लिहीत होता. त्यात त्याने बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापेच दिली आहेत. दोपियाजासाठी १० शेर मांस, २ शेर कांदा आणि २ शेर तूप!

कांद्याइतकेच तूप, हे माप मी वाचले तेव्हा मला पहिल्यांदा कांद्याच्या रंगामागचे अर्थशास्त्र कळले. भरपूर तुपात कांदा सोडला की तो सर्व बाजूंनी एकसारखा तापतो, लवकर रंगतो आणि कुरकुरीत होतो. आमच्या पारनेर, जामखेड, कर्जत, पाथर्डीच्या कोरडवाहू मुलखात तूप निघे ते बाजारी विकायला. कुणब्याच्या घरी ते सणावारी दिसायचे. तेव्हा ज्याच्याजवळ तूप नाही त्याने कांदा लाल कसा करायचा? त्याचा मार्ग निखाऱ्याचा होता. मेंढरांमागे रानोमाळ फिरणारे धनगर अख्खा कांदा सालीसकट भुभळात पुरतात, हे मी पाहिले आहे. वरची साल जळून कोळसा होते आणि आतला गर आपल्याच पाण्यात शिजून मऊ, गोड होतो. तेल नाही, तवा नाही, भांडे नाही. मुठीने फोडायचा, मीठ लावायचे आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खायचा.

महालातले तूप आणि माळावरचे निखारे, असे हे दोन मार्ग. आजी यांपैकी कोणत्याच मार्गाने जात नसे. तिची जागा मधली होती, आणि त्या जागेचे नाव वैल.

नव्या वाचकांसाठी सांगायला हवे. मातीच्या चुलीला पुढे जाळ घालायचे तोंड असते आणि तिच्या अंगालगत, जाळाची उरलेली धग ज्यातून बाहेर पडते असे दुसरे भोक असते. तो वैल. पुढच्या चुलीवर आई भाकऱ्या थापून भाजायची. त्याच जळणाची वाया जाणारी धग आजी कामाला लावायची. वैलावर लोखंडी तवा, त्यात तेलाचे बोट, त्यावर उभा चिरलेला कांदा आणि मिठाची चिमूट. मिठाने कांद्याला पाणी सुटे. ते आटेपर्यंत ती त्याला फारसा हात लावत नसे. मग तळाशी तांबूस थर धरू लागला, की ओंजळीतले चार थेंब पाणी शिंपडून तो थर उलथन्याने खरवडून कांद्यातच मिसळायचा. पुन्हा धरू द्यायचा, पुन्हा खरवडायचा. आमच्या खटल्याच्या वीस-बावीस भाकऱ्या झाल्या, की कांदा झालेला असे. घरात घड्याळ नव्हते. भाकऱ्या हेच घड्याळ. पुढे हिशेब केला तेव्हा तो वेळ तासाच्या आसपास भरला.

यातले शास्त्र आज सांगता येते. कांद्यात शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग पाणी असते. जोवर हे पाणी आहे, तोवर तव्यावरचा कांदा पाणी उकळण्याच्या, म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या वर फारसा तापत नाही. आणि रंग भराभर चढायचा तर त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. पाणी गेले, की कांद्यातली साखर तापून तांबडी होऊ लागते, आणि तीच साखर प्रथिनांच्या घटकांशी संयोग पावून खमंग वास देते. या दुसऱ्या क्रियेचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. जाळ मोठा केला तर कडा करपतात आणि आत पाणी तसेच राहते. म्हणून घाई चालत नाही. चाळीत महिनोन्‌महिने सुकलेल्या जुन्या कांद्यात पाणी कमी, म्हणून तो लवकर रंगतो. नवा ‘नुसता रडतो’. आणि ही गोडी बाहेरून घातलेली नसते, कांद्याची स्वतःचीच असते. एरवी ती तिखटपणाखाली झाकलेली राहते. ज्या जिल्ह्यात १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे गावोगाव उसाची मोळी पडू लागली, त्या जिल्ह्यात ही दुसरी साखर वैलावर मुकाट्याने तयार होत होती.

शिक्षणासाठी नगरला आलो तेव्हा झेंडीगेटजवळ बिऱ्हाड होते. मोहरमात बारा इमाम कोठल्याकडे सगळे शहर लोटे. त्या दिवसांत शेजारच्या खाला खिचडा करीत आणि त्यावर तळलेला बरिस्ता पेरून वाडगा आमच्याकडे पाठवीत. कुरकुरीत, एकसारखा बदामी, महालाच्या मार्गाने आलेला कांदा. सुटीत गावी गेल्यावर मी आजीला तो वर्णन करून सांगितला. तिने विचारले, ‘तेल किती घेती?’ मी कढईभर म्हणालो. आजी हसली. ‘मग काय, तेलानंच केलं की समदं. बाईला कुठं बसावं लागलं?’

खालांवर हा अन्यायच होता. त्याही कढईपुढून हलत नसत. पण आजीच्या बोलण्यातले मर्म मला पुष्कळ वर्षांनी उमगले. कांदा लाल करायला तूप लागते, जळण लागते किंवा वेळ लागतो. ज्यांच्यापाशी पहिल्या दोन गोष्टी नव्हत्या, त्यांच्या घरी तिसरी गोष्ट बाईने दिली. तिचा हिशेब कुठल्याही आईन-ए-अकबरीत मांडलेला नाही. आजही बहुतेक पाककृतींत ‘कांदा तांबूस होईपर्यंत परतावा’ एवढे तीन-चार शब्द असतात. त्या शब्दांत बसलेला तासभर कुणी वाचत नाही.

कांदा पिकवणाऱ्याचा वेळही असाच कुणी मोजत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये ती उठली. मधल्या काळात आमच्या भागातल्या लोकांनी बाजारातून परतताना काय हिशेब केला असेल, ते त्यांनाच ठाऊक. आता तळून पाकिटात भरलेला कांदा दुकानात मिळतो. मी त्याला नावे ठेवीत नाही. ज्या बाईचा तास त्याने वाचवला, तिला तो तास हवाच होता.

मी मात्र अधूनमधून गॅसच्या बारीक आचेवर लोखंडी तवा ठेवतो आणि घड्याळ लावून बसतो. पहिल्या काही वेळा कांदा करपला, कारण मी रंगाकडे पाहत होतो. मग आजीला एकदा विचारलेले आठवले. ‘तू खात नाहीस, मग झाला हे कळतं कसं?’ ती म्हणाली होती, ‘आधी तो बोलत असतो. बोलायचा थांबला की जवळ बसायचं.’ पाणी असेतो तवा चुरचुरत राहतो. ते सरले की आवाज बसतो आणि खरे काम तिथून सुरू होते. तिने तो कांदा सगळा जन्म ऐकला होता.