जुन्या पिकअपचा बॉल जॉइंट: झीज, तुटणे आणि दुरुस्ती

कतारमधील बांधकामाच्या जागा, शेते, गोदामे आणि वाळवंटातील तंबू यांचा बराचसा भार जुन्या पिकअप गाड्यांवर असतो. दहा-पंधरा वर्षे वापरलेली टोयोटा हायलक्स, मित्सुबिशी एल-२०० किंवा निसानची पिकअप दोह्याच्या रस्त्यांवर कोठेही दिसते. या गाड्यांचे इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतो तो पुढच्या चाकामागे दडलेला, मुठीएवढा एक सांधा. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. तो झिजत असताना गाडी चालत राहते आणि तुटल्यावर मात्र एका क्षणात चाक कलंडते. सलवा किंवा दुखानच्या महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या वेगात असे घडले, तर चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून या भागाची रचना, तपासणी आणि दुरुस्तीची रीत गाडीमालकाने आणि कंपनीच्या गाड्या सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

रचना आणि कार्य

शालेय जीवशास्त्रात शिकवला जाणारा ‘उखळीचा सांधा’ अनेकांना आठवत असेल. खांद्यात हाडाचा गोल भाग खोलगट जागेत बसतो आणि हात सर्व दिशांना फिरतो. बॉल जॉइंटची रचना तशीच आहे. पोलादी दांड्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा असतो आणि तो धातूच्या वाटीत बसवलेला असतो. दोहोंमध्ये ग्रीस असते. वरून रबरी बूट ही ग्रीस आत व धूळ बाहेर ठेवतो. दांड्याचे दुसरे टोक निमुळते असते. ते समोरच्या भागातील तशाच निमुळत्या छिद्रात घट्ट रुतते आणि नटाने आवळले जाते.

बहुतेक पिकअपच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वरचा व खालचा असे दोन आर्म असतात आणि त्यांच्यामध्ये चाक धरणारा स्टिअरिंग नकल असतो. आर्म आणि नकल यांना जोडणारे दोन बॉल जॉइंट चाकाला खड्ड्यानुसार वर-खाली होऊ देतात व वळणावर फिरूही देतात. पूर्वीच्या मोटारींत हे काम किंगपिन करीत. अमेरिकेत लिंकन कंपनीने १९५२ मध्ये आणि फोर्डने १९५४ मध्ये पुढच्या चाकांसाठी बॉल जॉइंट आणले व नंतर ती रीत सर्वत्र रूढ झाली. सर्वच पिकअपना मात्र हे लागू नाही. आखाती देशांत लोकप्रिय असलेल्या लँड क्रूझर ७९ पिकअपला पुढेही अखंड अॅक्सल असतो. तिच्यात या जागी बेअरिंग असतात आणि त्यांची दुरुस्ती वेगळी आहे.

भार कसा पडतो, हेही महत्त्वाचे आहे. काही रचनांत गाडीचे वजन गोळ्याला वाटीत दाबत राहते, तर काहींत ते गोळ्याला वाटीतून बाहेर ओढत राहते. दुसऱ्या प्रकारात झीज एका मर्यादेपलीकडे गेली की गोळा सरळ निसटतो. हा धोका केवळ कागदावरचा नाही. टोयोटाने अमेरिकेत २००५ मध्ये टकोमा, टुंड्रा, फोररनर आणि सिकोया या मालिकांतील साडेसात लाखांहून अधिक गाड्या पुढच्या बॉल जॉइंटच्या दोषासाठी परत बोलावल्या होत्या. गोळ्याच्या पृष्ठभागावर निर्मितीच्या वेळी पडलेले ओरखडे हे त्याचे कारण होते. २००७ मध्ये आणखी पाच लाखांहून अधिक टुंड्रा व सिकोया त्याच भागासाठी परत बोलावल्या गेल्या.

कतारमध्ये झीज लवकर का होते

नव्या बॉल जॉइंटचा खरा शत्रू वजन नसून फाटलेला बूट हा आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणारे तापमान रबर कोरडे व ठिसूळ करते. एकदा चीर पडली की बारीक वाळू ग्रीसमध्ये मिसळते आणि सांध्यातच पॉलिशकागदासारखे घासकाम सुरू होते. किनाऱ्यालगतच्या सबखा, म्हणजे खारट चिखलाच्या सपाट जमिनी, आणि समुद्रावरची दमट हवा गंजाला आमंत्रण देतात. सीलाइन व खोर अल अदैदच्या टेकड्यांवरून उड्या घेणाऱ्या गाडीच्या सांध्यांना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट भार सोसावा लागतो. मर्यादेपेक्षा जास्त माल, मोठे टायर आणि उंची वाढवण्यासाठी बसवलेले किट यांमुळे सांध्याचा कोन बदलतो व झीज आणखी वाढते.

लक्षणे

गतिरोधकावरून जाताना पुढून ‘टक्’ असा आवाज येणे, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर ऐकू येणे, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला भरकटणे, टायर फक्त आतल्या किंवा बाहेरच्या कडेला झिजणे ही मुख्य लक्षणे आहेत. यांतील कोणतेही लक्षण इतर बिघाडांमुळेही उद्भवू शकते, त्यामुळे आवाजावरून भाग बदलण्यापेक्षा तपासणी करणे स्वस्त पडते.

कतारमध्ये तीन वर्षांहून जुन्या खासगी गाडीला इस्तिमाराच्या नूतनीकरणासाठी दरवर्षी ‘फाहेस’ची तांत्रिक तपासणी करून घ्यावी लागते. परंतु ही तपासणी त्या दिवसाची स्थिती सांगते. फाटलेल्या बुटात एका हिवाळ्यातील वाळू शिरली, तर पुढच्या तपासणीपर्यंत सांधा टिकेलच असे नाही.

तपासणीची रीत

जॅक कोठे लावायचा यावर संपूर्ण तपासणी अवलंबून असते. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर काम करीत असेल, तर जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तितका चाकाजवळ लावावा. त्यामुळे भार वाहणारा सांधा मोकळा होतो आणि त्यातील खेळ जाणवतो. जॅक चेसिसखाली लावला, तर स्प्रिंगचा ताण सांध्याला घट्ट धरून ठेवतो आणि झिजलेला सांधाही चांगला भासतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल, तर वरचा आर्म व चेसिस यांच्यामध्ये लाकडी ठोकळा ठेवून चेसिसखाली जॅक लावतात.

चाक जमिनीपासून थोडे उचलल्यावर ते वर आणि खाली धरून हलवावे व टायरखाली पहार घालून हलकेच उचलून पाहावे. हालचाल जाणवल्यास दुसऱ्या व्यक्तीने ब्रेक दाबावा. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. तो तसाच राहिला, तर बॉल जॉइंट संशयित ठरतो. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडचे टोक तपासले जाते. किती खेळ चालतो हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. अनेक गाड्यांत ही मर्यादा शून्याजवळ आहे. बूट फाटलेला आणि ग्रीस बाहेर आलेली दिसली, तर खेळ नसला तरी सांध्याचे आयुष्य संपत आले असे समजावे.

रस्त्यात किंवा वाळवंटात तुटल्यास

चाक कलंडल्यावर गाडी एक मीटरही पुढे नेऊ नये. ओढत नेल्यास ब्रेकचा होज, फोर-बाय-फोर गाडीतील सीव्ही शाफ्ट, टाय रॉड आणि फेंडर यांचे नुकसान वाढते. धोक्याचे दिवे लावून प्रवाशांना रस्त्याच्या कठड्यापलीकडे न्यावे. वाहतुकीला धोका असल्यास किंवा कोणी जखमी असल्यास ९९९ वर कळवावे. गाडी सपाट पाठीच्या रिकव्हरी ट्रकवरच चढवावी आणि तुटलेल्या चाकाखाली ट्रॉली किंवा सरकणारी पाटी घालावी. साखळीने किंवा पट्ट्याने नकल आर्मला बांधण्याचा उपाय केवळ ट्रकवर चढवण्यापुरता आहे, त्यावर रस्त्याने जाता येत नाही. वाळूत जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवावी. उन्हाळ्यात मदत येईपर्यंत सावली आणि पाणी यांची सोय दुरुस्तीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते.

दुरुस्तीचे टप्पे

हे काम पक्क्या, सपाट जमिनीवरच करावे. मागच्या चाकांना अडण लावून, चाकाचे नट सैल करून गाडी उचलावी आणि चेसिस जॅक स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

दबलेल्या स्प्रिंगमध्ये किंवा पिळलेल्या टॉर्शन बारमध्ये माणसाला गंभीर इजा करण्याइतकी शक्ती साठलेली असते. म्हणून सांधा सोडवण्यापूर्वी भार वाहणाऱ्या आर्मला दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा. टॉर्शन बार असल्यास त्याच्या बोल्टची जागा खुणेने नोंदवून आणि बाहेर दिसणारे आटे मोजून मगच तो सैल करावा. ही नोंद नसेल, तर काम संपल्यावर गाडीची एक बाजू खाली बसते.

ब्रेक कॅलिपर काढल्यास तो तारेने टांगावा, होजवर लोंबकळू देऊ नये. एबीएसची वायर असल्यास ती आधी मोकळी करावी. त्यानंतर कॉटर पिन काढून नट सैल करावा, पण काही आट्यांवर राहू द्यावा, म्हणजे सांधा सुटताना आर्म उसळत नाही. निमुळता दांडा पुलरने सोडवणे उत्तम. पुलर नसेल, तर छिद्राभोवतालच्या धातूच्या बाजूवर हातोड्याचे जोरकस ठोके देतात. दांड्याच्या टोकावर मारल्यास आटे खराब होतात.

यापुढचे काम सांधा कसा बसवला आहे त्यावर ठरते. बोल्टने बसवलेला सांधा घरच्या अवजारांनीही बदलता येतो. रिव्हेट मारलेला असल्यास रिव्हेट ड्रिलने काढून त्या जागी सांध्यासोबत आलेले बोल्ट लावतात. दाबून बसवलेल्या सांध्याचा सर्क्लिप आधी काढावा लागतो आणि मग प्रेस लागतो. नवा सांधा बसवताना दाब बाहेरच्या कडेवरच द्यावा, बुटावर किंवा झाकणावर नव्हे. काही गाड्यांत सांधा स्वतंत्र मिळत नाही आणि संपूर्ण आर्म बदलावा लागतो.

सांधा तुटून गाडी खाली बसलेली असेल, तर केवळ नवा सांधा पुरेसा नाही. निमुळते छिद्र लंबगोल झाले आहे का, आर्म वाकला किंवा तडकला आहे का, ब्रेक होज ताणला गेला आहे का आणि सीव्ही शाफ्ट जागेवर आहे का, हे सर्व पाहणे आवश्यक आहे. लंबगोल छिद्रात बसवलेला नवा सांधा पुन्हा सैल होतो.

निमुळता दांडा व छिद्र कोरडे आणि स्वच्छ ठेवावे, तेथे ग्रीस लावू नये. नट टॉर्क रेंचने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापाला आवळावा. कॉटर पिनचे छिद्र जुळत नसेल, तर नट आणखी थोडा आवळावा, कधीही सैल करू नये. पिन आणि नट नवेच वापरावेत. ग्रीस निपल असल्यास बूट किंचित फुगेपर्यंतच ग्रीस भरावी. आर्मच्या बुशांचे बोल्ट सैल केले असल्यास त्यांचे अंतिम आवळणे गाडी चाकांवर उभी असताना करावे. अखेरीस व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत. दोन्ही बाजूंची झीज सारखीच झालेली असल्याने सांधे जोडीने बदलणे योग्य.

गॅरेज आणि सुटे भाग

दोह्यातील असे बहुतेक काम इंडस्ट्रियल एरियात, स्थानिक बोलीत ‘सनाया’त होते. तेथे हिंदी-उर्दूत सहज संवाद होतो. काम देण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात: भाग मूळ कंपनीचा, नामांकित उत्पादकाचा की निनावी, काढलेला जुना सांधा परत मिळेल का, आणि टॉर्क रेंच वापरला जाईल का. बनावट सुटे भाग ही आखातातील जुनी डोकेदुखी आहे. हुबेहूब खोका म्हणजे अस्सल माल नव्हे. त्यामुळे बिल घेऊन ठेवावे आणि शक्यतो अधिकृत विक्रेत्याकडून भाग आणून द्यावा. झिजलेल्या सांध्याला वेल्डिंगचे टाके मारून ‘घट्ट’ करण्याचा प्रस्ताव कोणत्याही किमतीत नाकारावा. त्या उष्णतेने आतील पृष्ठभाग व ग्रीस दोन्ही निकामी होतात आणि पोलाद ठिसूळ बनू शकते.

कंपनीच्या पिकअपबाबत जबाबदारी आणखी व्यापक आहे. अशा गाडीतून कामगार प्रवास करतात. गाडीचा आवाज त्यांना ऐकू येतो, पण दुरुस्तीचा निर्णय त्यांच्या हाती नसतो. चालकाने केलेली तक्रार तारखेसह नोंदवणे, प्रत्येक तेलबदलाच्या वेळी चारही बूट पाहणे आणि फाटलेला बूट दिसताच गाडी महामार्गावरून काढून घेणे, एवढी शिस्त पाळली तरी बहुतेक सांधे रस्त्यावर तुटण्याऐवजी गॅरेजमध्येच बदलले जातात.