दोघांची गादी

एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याची झोप मोडू नये, ही अपेक्षा जोडप्यासाठी गादी निवडताना आज बोलून दाखवली जात असली, तरी ती अडचण मुळात स्प्रिंगने आणली आणि पुढे स्प्रिंगमध्येच फेरफार करून ती दूर करावी लागली. महाराष्ट्रात घरोघरी वापरल्या गेलेल्या कापसाच्या गादीला उसळी जवळजवळ नसतेच. त्यामुळे एका बाजूची हालचाल कापसातच जिरते. तिचा दोष वेगळा होता. कापूस दबून त्याच्या गाठी होत, मधोमध खळगा पडे आणि निजणारे दोघेही उतारावरून त्या खळग्याकडे घरंगळत येत. त्यावरचा उपाय पिंजाऱ्याकडे असे: तो गादी उसवून दबलेला कापूस बाहेर काढी, मोठ्या धनुकलीची तात, म्हणजे धनुष्याला ताणून बांधलेली दोरी, लाकडी मुठ्याने छेडून तिच्या थरथरीने एकेक तंतू सुटा करी आणि फुगलेला कापूस पुन्हा खोळीत भरून, तो सरकू नये म्हणून जागोजागी टाके घाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत गादीच्या पोटात पोलादी स्प्रिंगा आल्या आणि खळग्याचा प्रश्न पुष्कळसा सुटला. परंतु या स्प्रिंगा वरून-खालून तारेने एकमेकींना जखडलेल्या असल्यामुळे एक दबली की शेजारचीही ओढली जाई आणि पलंगाच्या एका कडेचा धक्का दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचे. टोरांटो येथे स्थायिक झालेले इंग्रज अभियंता जेम्स मार्शल यांनी 1900च्या सुमारास यावर जो तोडगा काढला तो यंत्रविद्येपेक्षा शिवणकामाच्या जवळचा आहे: प्रत्येक स्प्रिंग दाबून कापडाच्या स्वतंत्र पिशवीत शिवायची आणि जोडायच्या त्या फक्त पिशव्या. आज ‘पॉकेट स्प्रिंग’ या नावाने विकली जाते ती हीच रचना. शेकडो पिशव्या हाताने शिवाव्या लागत असल्याने अशी गादी महाग पडे. अमेरिकेतील सिमन्स कंपनीत जॉन गेल यांनी घडवलेल्या यंत्रामुळे 1925 साली ‘ब्यूटीरेस्ट’ ही गादी मोठ्या प्रमाणावर बाजारात येऊ शकली. त्याच कंपनीने पुढे 1990च्या दशकात गादीच्या एका बाजूला बोलिंगचा जड गोळा टाकून दुसऱ्या बाजूला उभ्या केलेल्या बोलिंगच्या पिना ढळत नाहीत, असे जाहिरातीत दाखवले. नवराबायकोच्या झोपेविषयी इतक्या सभ्यपणे बोलण्याची दुसरी युक्ती जाहिरातदारांना क्वचितच सुचली असेल.

1966 साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी विमानाच्या आसनांवर काम करताना चार्ल्स योस्ट यांनी तयार केलेला, दाब काढल्यावर सावकाश पूर्ववत होणारा फोम, म्हणजे मेमरी फोम, गाद्यांत आला तेव्हा एका अर्थाने कापसाचाच गुण परत आला, कारण हालचाल त्यातही आतल्या आत विरते. फरक एवढाच की दबलेला फोम उसवून पिंजता येत नाही आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीला त्यात काही काम उरत नाही.