मृत्तिकेचा वारसा : यवतमाळ जिल्ह्यातील कुंभारकला



राजेरजवाड्यांचा इतिहास ताम्रपटांवर कोरलेला आढळतो. सामान्य माणसाचा इतिहास मात्र खापरांत साठलेला असतो. लाकूड कुजते, वस्त्र विरते, लोखंडास गंज चढतो. परंतु एकदा भाजलेली माती फुटली तरी नष्ट होत नाही. म्हणूनच प्राचीन वस्तीचा काळ ठरविताना संशोधक प्रथम खापरांकडे वळतात. आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले नसतील. पण त्यांच्या हातचे लेख जमिनीच्या पोटात सुरक्षित आहेत.

याचे प्रत्यंतर आपल्याच जिल्ह्यात मिळाले आहे. बाभूळगाव तालुक्यातील पाचखेड येथील पांढरीच्या टेकाडाचे २०२३-२४ साली नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले. तेथे लोहयुगापासून सातवाहनकाळ व पुढे मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर आढळले, आणि सर्वांत जुनी वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची असावी, असे संशोधकांचे मत आहे. गोल घर, चूल, लोखंडी वस्तू आणि त्यांच्या सोबतीला मातीची भांडी! चूल तेथे मडके, हा नियम तेव्हाही होता.

नागपूर जिल्ह्यातील माहूरझरी, टाकळघाट-खापा व नायकुंड येथील शिलावर्तुळांच्या काळातील काळी-तांबडी भांडी तर प्रसिद्धच आहेत. बाहेरून तांबडे आणि आतून व काठाशी काळे असे ते भांडे रंगवून केलेले नसे. भट्टीत भांडे पालथे घालून आतील भागास वारा लागू दिला नाही, म्हणजे तो काळा होतो व उघडा भाग तांबडा भाजतो. अग्नी आणि वारा यांवर एवढा ताबा मिळविणाऱ्या कारागिरास अडाणी कोण म्हणेल?

आपल्या भागातील काळी जमीन कपाशीला मानवते. कुंभाराची मात्र ती परीक्षाच पाहते. ओली झाली की फुगते, वाळू लागली की भेगाळते. म्हणून नदीकाठचा व तळ्यातील गाळ पारखून घ्यावा, त्यात राख, लीद व बारीक रेती बेताने मिसळावी, पायांनी तुडवून ती लोण्यासारखी करावी, तेव्हा कोठे ती चाकावर चढते. चाकावर घडते ते भांड्याचे तोंड व जाड अंग. पोट व बूड घडते ते आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकल्यावर. चाकावर बहुधा पुरुष बसला, तरी माती चाळणे, तुडविणे, भांडी घोटणे, आवा रचण्यास हात लावणे व डोक्यावर पाटी घेऊन बाजार करणे ही कामे घरच्या स्त्रियांनी केली. या कलेच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येते, ही उणीव होय.

गावगाड्यात कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गाडगी-मडकी पुरवावी व खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा, अशी रीत होती. अक्षय्य तृतीयेची घागर, पोळ्याचे मातीचे बैल, घटस्थापनेचा घट, भुलाबाईची मूर्ती, दिवाळीची पणती, संक्रांतीचे सुगडे, लग्नमंडपातील उतरंड आणि अखेरच्या यात्रेतील मडके, असा जन्मापासून मरणापर्यंत कुंभाराचा हात प्रत्येक घरी पोहोचत असे. घरांवरील कवेलूही त्याच्याच आव्यातून निघत.

तेरचे संत गोरोबाकाका हे तर आपले कुलभूषण. त्यांनी शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ मध्ये समाधी घेतली. संतांच्या मेळाव्यात थापटण्याने डोकी पारखून कच्चे मडके कोणते हे त्यांनी सांगितल्याची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. कुंभाराचे साधे हत्यार तेथे ज्ञानाची कसोटी झाले. आपल्या वऱ्हाडातच जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) आपल्या ज्ञातीचे नसले, तरी हाती धरलेल्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना ओळखले.

पुढे काळ पालटला. धातूची भांडी स्वस्त झाली. अॅल्युमिनियम, स्टील व प्लास्टिक आले. कवेलूंच्या जागी टिनपत्रे चढली. खळ्यावरील वाटा थांबला आणि रोख भावाने कष्टाचे मोल निघेना. ग्रामोद्योगांचा हा ऱ्हास ओळखून १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले. वणीपासून जवळच, वर्धा नदीपलीकडे भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या रूपाने कुंभारकामाचे केंद्र उभारले. नवी भट्टी व नवे चाक यांचे शिक्षण घेता येते, हे त्या केंद्राने दाखवून दिले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांतही कुंभारकाम समाविष्ट आहे.

माठातील पाणी का निवते, हे आज शाळकरी मूलही सांगेल. सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते व ती जाताना उष्णता घेऊन जाते. यवतमाळच्या वैशाखात विजेवाचून गारवा देणारे याहून सोपे साधन नाही. तथापि केवळ उपयोगावर कला टिकत नाही. तिला योग्य मोल आणि मान लागतो. आपली मुले शिकून डॉक्टर, शिक्षक, अधिकारी होत आहेत, याचा आम्हांस आनंदच आहे. प्रत्येकाने चाकावरच बसावे, असा आमचा मुळीच आग्रह नाही. परंतु चाकावर बसणाऱ्या बंधूस आपल्याच घरातून हलके लेखले जाऊ नये, एवढे मागणे आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने वडीलधाऱ्यांकडून माती कोठली, मिश्रण कसले, आवा रचण्याची रीत कोणती, भांड्यांची नावे काय, हे लिहून ठेवावे. मुलींनाही चाक शिकवावे. घरी एक माठ आपल्या माणसाकडून, घासाघीस न करता घ्यावा. तीन हजार वर्षे टिकलेले खापर जमिनीत आहे. ते घडविणारे ज्ञान मात्र हातांत असते, आणि हात थांबले की ते संपते. ते आपल्या पिढीत संपू नये, हीच गोरोबाकाकांच्या चरणी प्रार्थना.