घरच्या कोरफडीचा गर किती दिवस टिकतो?

जर्मनीतील अनेक मराठी घरांत दक्षिणेकडच्या खिडकीत तुळशीशेजारी कोरफडीची कुंडी दिसते. तुळस हिवाळ्यात बहुधा मान टाकते; कोरफड मात्र हीटिंगची कोरडी हवा आणि घरच्यांची विस्मृती, दोन्ही सोसते. प्रश्न उभा राहतो तो पान कापल्यानंतर. मोठ्या पानाचा गर एका वेळी संपत नाही, आणि उरलेला बरणीत भरून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय सर्रास आढळते. ती सोडून द्यावी अशीच आहे.

गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या अल्प भागात बहुशर्करा, साध्या शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि क्षार. पाणी आणि शर्करा एकत्र आल्या की जंतूंना आणखी काय हवे? दुकानातले जेल महिनोन्‌महिने टिकते, कारण त्यात बहुधा सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेटसारखे परिरक्षक असतात. वेष्टनावरील घटकांच्या यादीत ते सापडतात. घरच्या गराला असे कोणतेच कवच नाही. साल हेच त्याचे कवच होते, आणि ते आपण सुरीने काढून टाकलेले असते.

गर दोन प्रकारे बिघडतो आणि बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्याने होतात. हवेशी संबंध आल्यावर तो गुलाबी-तपकिरी होतो, तो केवळ ऑक्सिडीकरणाचा परिणाम. जंतूंची वाढ ही वेगळी गोष्ट असून ती प्रारंभी डोळ्यांना दिसत नाही. लिंबाचा रस किंवा चिमूटभर क जीवनसत्त्वाची पूड रंग सांभाळते, जंतूंना मात्र पुरेशी आवरत नाही. ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचा तर मोठाच बोलबाला आहे. पण ते तेलाला खवट होण्यापासून वाचवणारे द्रव्य आहे. पाण्यात ते विरघळत नाही आणि जंतूंना त्याचे काही सोयरसुतक नसते. प्रस्तुत लेखिकेने एकदा अशी कॅप्सूल घातलेली बरणी बाराव्या दिवशी उघडली. रंग अगदी स्वच्छ होता. वास मात्र आंबूस येत होता. असा गर भाजलेल्या किंवा खरचटलेल्या त्वचेवर लावणे म्हणजे जखमेत संसर्गाला आमंत्रण देणे होय.

साठवणीची तयारी पान कापतानाच सुरू होते. सर्वांत खालचे, बाहेरचे, जाड पान बुडाशी कापावे आणि कापलेली बाजू खाली करून किमान पंधरा मिनिटे पेल्यात उभे ठेवावे. सालीलगतचा पिवळा चीक त्यातून निथळतो. हाच चीक आटवून वाळवला की काळाबोळ होतो, जो जुन्या घरगुती औषधांत रेचक म्हणून वापरला जाई. त्यातील अ‍ॅलोइन आणि तत्सम द्रव्यांमुळेच युरोपात मोठा वाद झाला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये या द्रव्यांविषयी चिंता व्यक्त केली, २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने ती असलेल्या कोरफडीच्या पानाच्या सिद्धपदार्थांना अन्नात बंदी घातली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने कोरफडीपुरती ती बंदी रद्द ठरवली. न्यायालयीन निकाल काहीही असो, स्वयंपाकघरातला नियम बदलत नाही: चीक काढावा, साल जाड सोलावी आणि गराचे तुकडे वाहत्या पाण्याखाली धुवावेत. गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांनी, तसेच लहान मुलांनी घरचा गर पोटात घेऊ नये. बाउमार्क्टमधून शोभेचे झाड म्हणून आणलेल्या कोरफडीवर कीटकनाशके मारलेली असू शकतात. तिचा गर खाण्यासाठी नव्हेच.

आता मुदती. उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या काचेच्या बरणीत, कोरड्या स्वच्छ चमच्याने हाताळलेला गर पाच दिवस वापरावा. आठवड्यापलीकडे नेऊ नये. डोळ्यांभोवती लावायचा असेल तर दोन दिवसच. फ्रिजचे तापमान ५ अंशांच्या आसपास असावे. साध्या फ्रिजमध्ये भाजीच्या खणावरची काचेची फळी सर्वांत थंड असते आणि दार सर्वांत उबदार; बरण्या मात्र आपण दारातच ठेवतो. न सोललेले पान कापलेली बाजू झाकून ठेवल्यास साधारण आठवडाभर टिकते, म्हणून लागेल तेवढाच तुकडा कापून घेणे शहाणपणाचे.

त्याहून अधिक काळासाठी गोठवणे हाच खरा उपाय. गर मिक्सरमधून फिरवून बर्फाच्या साच्यात भरावा, गोठल्यावर वड्या पिशवीत काढून तारीख लिहावी आणि सहा महिन्यांत संपवाव्यात. भाड्याच्या घरांतील फ्रिजमध्ये वरच्या कोपऱ्यात जो चिमुकला बर्फाचा कप्पा असतो, त्यावरचे तारे आधी मोजावेत: एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. दीर्घ साठवणीस तीन तारे हवेत. वितळल्यावर गर पातळ होतो, त्याने बिचकू नये. मात्र वितळलेली वडी पुन्हा गोठवू नये.

हिवाळ्यात झाड जवळपास वाढत नाही, त्यामुळे ऑक्टोबरनंतर एखाद्‌दुसऱ्या पानापलीकडे हात लावू नये. बाल्कनीत कुंडी न्यायची ती ‘आइसहायलिगे’ संपल्यावर, म्हणजे १५ मेनंतर.

भारतातून येताना आईच्या अंगणातले रोप सामानात घालण्याचा मोह अनेकांना होतो. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरून आणलेल्या रोपांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, मग ते एकच का असेना. दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापारावरील साइट्स करारात कोरफडीच्या इतर सर्व प्रजाती येतात आणि केवळ ही नेहमीची कोरफड वगळलेली आहे. पण ती सवलत या प्रमाणपत्राला लागू होत नाही.