मोरो रघुनाथ आणि बंद पडलेले कोर्ट

सत्तेच्या विभागणीची चर्चा आपल्याकडे बहुधा माँतेस्क्यूच्या ग्रंथापासून सुरू होते आणि राज्यघटनेच्या ५०व्या अनुच्छेदापाशी येऊन थांबते. मधला एक मोठा टप्पा पुण्यात घडला, त्याची आठवण क्वचितच काढली जाते. १८२८-२९ साली मोरो रघुनाथ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलावरून मुंबईचे गव्हर्नर आणि मुंबईचे सुप्रीम कोर्ट एकमेकांसमोर उभे ठाकले. या प्रकरणाकडे दोन हट्टी इंग्रजांचे भांडण म्हणून पाहता येते, पण तसे पाहिले तर त्यातले महत्त्वाचे निसटते. न्यायसंस्था कारभाऱ्यांपासून खरोखर वेगळी आहे की नाही, हे न्यायाधीशाची खुर्ची निराळी मांडल्याने ठरत नाही. कोर्टाची हद्द कोण आखतो, त्याचा हुकूम कोणाच्या शिपायांनी बजावायचा आणि पुढचा न्यायाधीश कोण नेमतो, यावर ते ठरते. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाची खुर्ची अगदी निराळी होती, तरीही ते हरले.

हे कोर्ट १८२३च्या राजसनदेने स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईत सुरू झाले. त्याचे न्यायाधीश इंग्लंडच्या राजाचे होते; कंपनीच्या गव्हर्नराला त्यांना काढता येत नसे. पहिले सरन्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट यांनी हे स्वातंत्र्य वापरूनही दाखवले. १८२६ साली सरकारने वृत्तपत्रांवर परवान्याचे बंधन घालणारा नियम केला, तेव्हा या कोर्टाने तो नोंदवून घ्यायला नकार दिला, आणि नोंद नाही म्हणून मुंबईत तो लागू झाला नाही. शहराबाहेरचे जग मात्र वेगळे होते. १८१८मध्ये पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने दख्खनची जी व्यवस्था लावली, तीत वसुली, पोलीस आणि न्याय हे बव्हंशी एकाच कलेक्टरच्या हाती होते. पुढे जिल्हा न्यायाधीश आले, तरी फौजदारीचा मोठा भाग कलेक्टरकडेच राहिला. या मुलखातल्या अदालती कंपनीच्या होत्या, त्यांचे न्यायाधीश कंपनीचे नोकर होते. एकाच इलाख्यात न्यायाच्या दोन तऱ्हा नांदत होत्या आणि कधीतरी त्यांची गाठ पडणारच होती.

ती पडली मोरो रघुनाथाच्या निमित्ताने. मुलगा पुण्यात आजोबा पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांच्याकडे होता. त्याला मनाविरुद्ध अडकवून ठेवले आहे, त्याच्या जिवाला धोका आहे, असे प्रतिज्ञापत्र मुंबईच्या कोर्टापुढे आले. कोर्टाने हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला : मुलाला आमच्यापुढे हजर करा. ठाण्याच्या तुरुंगातल्या बापू गणेश नावाच्या कैद्यासाठीही असाच हुकूम निघाला होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना हे मान्य नव्हते. पुण्यातली सरदार घराणी, त्यांचा मान, नुकताच ताब्यात आलेला मुलूख, यांचा त्यांना घोर होता. कोर्टाशी वाद करून ते थांबले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना असे हुकूम पाळू नका असे फर्मावले, आणि ऑक्टोबर १८२८मध्ये आपल्या कौन्सिलसह न्यायाधीशांना पत्र लिहिले की मुंबईबाहेर हुकूम काढण्यापासून तुम्ही परावृत्त व्हावे. ऑगस्टमध्ये वेस्ट वारले होते. पत्रानंतर काही दिवसांतच दुसरे न्यायाधीश सर चार्ल्स चेंबर्सही गेले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. सरकार आपला हुकूम बजावू देत नाही हे पाहून १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टच बंद केले. काही आठवड्यांनी ते पुन्हा उघडले, पण तोवर निकाल लंडनमध्ये लागत होता. प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की मुंबईच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या, कोर्टाच्या अधिकाराखाली नसलेल्या एतद्देशीयाविरुद्ध असा हुकूम काढता येत नाही.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे : मग माल्कमच बरोबर ठरले ना? सनदेच्या अर्थापुरते, होय. पण प्रिव्ही कौन्सिलचा निकाल येण्याआधीच त्यांनी कोर्टाचा हुकूम अडवला होता. कायद्याचा अर्थ कारभाऱ्याने आधी स्वतः लावायचा, त्याप्रमाणे वागायचे आणि न्यायालयाने तो नंतर मान्य केला की आपणच बरोबर होतो म्हणायचे, यात न्यायालय साक्षीदारापुरते उरते. शिवाय निकाल येण्यापूर्वीच वरचे हात हलले होते. कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड एलनबरो यांनी माल्कमना लिहिले की दोन नवे न्यायाधीश येत आहेत, त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये चालवलेला रानटी हत्ती असेल. हे पत्र पुढे वर्तमानपत्रांत छापले गेले. सरन्यायाधीशपद सर जेम्स ड्यूअर यांना मिळाले आणि ज्येष्ठ असलेले ग्रँट मागे ठेवले गेले. न्यायाधीशाला काढता येत नसले, तरी त्याच्या डोक्यावर कोणाला बसवायचे हे ठरवता येते, याचा इतका उघड पुरावा क्वचितच सापडतो.

दुसरा आक्षेप असा की हे कोर्ट मुळात परके होते. इंग्रजी कायदा आणि खर्चिक वकील घेऊन ते इथल्या घरात शिरू पाहत होते. याच्या आधीच्या कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने १७७५मध्ये बनावट दस्तऐवजाच्या आरोपावरून नंदकुमाराला फाशी दिले, ही आठवण विसरण्याजोगी नाही. पण सत्ताधाऱ्याला कोर्टापुढे ओढण्याची कल्पना आपल्याला परकी नव्हती. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून रामशास्त्री प्रभुणे पुणे सोडून गेले, ही कथा मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपण तिच्याकडे बाणेदारपणाची कथा म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. पण रामशास्त्र्यांना निकाल देता आला, तो अमलात आणणारे कोणी त्यांच्या हाताखाली नव्हते. म्हणून त्यांच्यापुढे निघून जाण्यावाचून मार्ग उरला नाही. ग्रँटही तेच करू शकले. ५६ वर्षांच्या अंतराने, दोन अगदी भिन्न राज्यांत, दोन न्यायाधीशांजवळ शेवटी आपली जागा रिकामी करण्याचेच हत्यार उरावे, यात दोष माणसांचा नव्हता, रचनेचा होता.

त्या रचनेची किंमत मुंबईबाहेरच्या लोकांनी दीर्घकाळ मोजली. १८६२मध्ये सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत मिळून उच्च न्यायालय झाले, तरी कायद्यातली हेबियस कॉर्पसची तरतूद बराच काळ इलाख्याच्या शहरापुरतीच राहिली. फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४९१वे कलम १९२३च्या दुरुस्तीने उच्च न्यायालयाच्या अपिली हद्दीपर्यंत पोचले. म्हणजे पुण्यात अडकवलेल्या सामान्य माणसाला मोरो रघुनाथानंतर जवळजवळ शंभर वर्षे थांबावे लागले. ज्याने पकडायचे त्यानेच खटला चालवायचा, ही कलेक्टर-मॅजिस्ट्रेटची पद्धत मोडण्याची मागणी काँग्रेस १८८६पासून करत होती. घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८मध्ये यासाठी तीन वर्षांची मुदत असलेला मसुदा मांडला, पण ती मुदत वगळली गेली आणि ५०वा अनुच्छेद मुदतीविना राहिला. मुंबई राज्याने मात्र १९५१मध्येच त्यासाठी कायदा केला. देशभर ही विभागणी १९७४पासून लागू झालेल्या नव्या संहितेने झाली.

म्हणजे हद्दीचा प्रश्न सुटला, दंडाधिकाऱ्याचाही सुटला. नेमणुकीचा राहिला. आणीबाणीत अटकेतल्या माणसाला हेबियस कॉर्पस मागता येते, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते फिरवले. तो एक आवाज न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचा होता. जानेवारी १९७७मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांची ज्येष्ठता डावलून एम. एच. बेग यांना नेमण्यात आले, आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. आज न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याच्या पद्धतीवर टीका होते, ती सगळी निराधार नाही. पण तिला पर्याय सुचवणाऱ्याने एलनबरोंचे ते पत्र आणि १९७७चा तो जानेवारी, दोन्ही समोर ठेवून उत्तर द्यायला हवे.